सॅम नोंदणी: घोडं अडतं ते नाव-पत्त्यापाशी

प्रश्न थोडक्यात असा. ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये एसी दुरुस्ती-देखभालीची प्रोप्रायटरी फर्म आहे. मुंबईतल्या अमेरिकन कॉन्सुलेटची कोटेशनची मागणी हाती आली आहे आणि त्यात अट आहे की पुरवठादाराची 'सॅम'मध्ये, म्हणजे अमेरिकन सरकारच्या पुरवठादारांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी वेबसाइटवर, नोंदणी चालू असली पाहिजे. मुदत 24 दिवसांची आहे. एका एजंटाने 'अर्जंटमध्ये करून देतो' म्हणत 55,000 रुपये मागितले आहेत. नोंदणी खरंच बंधनकारक आहे का, पैसे द्यावेत का, आणि कागद काय लागतात?

मधलं उत्तर आधी देतो. एजंटाला एक रुपयासुद्धा देऊ नका. सॅमची नोंदणी फुकट आहे, त्यासाठी लागणारा एनकेज कोडही (पुरवठादाराचा एक ओळख कोड, त्याबद्दल पुढे) फुकट आहे आणि दरवर्षीचं नूतनीकरणही फुकट आहे. 'अर्जंट' असा वेगळा दरवाजा तिथे नाहीच. एजंट तुमच्याकडून तेच कागद मागवणार, तुमच्याच नावाने तोच फॉर्म भरणार, आणि लॉगिन मात्र स्वतःच्या ईमेलवर ठेवणार. पुढच्या वर्षी नूतनीकरणाला तुम्ही पुन्हा त्याच्याच दारात.

मी अकरा वर्षं एका हाउसकीपिंग कंपनीत टेंडरच्या टेबलावर होतो आणि आता छोट्या कंत्राटदारांना हेच करायला मदत करतो. वेबसाइटवर लोक अडकतात ते तंत्रज्ञानामुळे असं मला एकदाही दिसलं नाही. अडकतात ते स्वतःचे कागद एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून. खालचं बरंचसं त्याबद्दलच आहे.

पहिला प्रश्न: बंधनकारक आहे का? साधारणपणे हो. ही अट कॉन्सुलेटने घातलेली नाही. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या खरेदीला एक नियमावली आहे, तिला सगळे 'एफएआर' म्हणतात. तिचं 52.204-7 हे कलम तुमच्या मागणीपत्रात कुठेतरी असेलच. टेक्साससाठी नियम तोच, ठाण्यासाठीही तोच. बोली देताना नोंदणी चालू हवी आणि करार देतानाही चालू हवी. मधल्या काळात एखादा दिवस खंड पडला तर पूर्वी बोलीच बाद व्हायची भीती असे. नोव्हेंबर 2024 मध्ये तो नियम सैल झाला. पण त्या सवलतीच्या भरवशावर राहू नका.

अपवाद आहेत. अगदी छोटी खरेदी, जी सरकारी कार्डाने परस्पर केली जाते, तिला नोंदणी लागत नाही. या 'सूक्ष्म खरेदी'ची मर्यादा बरीच वर्षं 10,000 डॉलर होती, 1 ऑक्टोबर 2025 पासून ती 15,000 आहे. दुसरा अपवाद परदेशी पुरवठादाराचा. काम अमेरिकेबाहेरचं, रक्कम ठरावीक मर्यादेच्या आत (ती काही वर्षं 30,000 डॉलर होती, असे आकडे दर पाच वर्षांनी महागाईप्रमाणे बदलतात) आणि नोंदणी करणं व्यवहार्य नाही, असं असेल तर सूट देता येते. पण ती द्यायची की नाही हे 'कॉन्ट्रॅक्टिंग ऑफिसर' ठरवतो, तुम्ही नाही. आणि खरं सांगू का, मुंबईत ही सूट मिळेल या आशेवर बसू नका. तुमच्यासारख्याच दहा फर्मनी नोंदणी केलेली असताना 'व्यवहार्य नाही' म्हणायला कोणाची जीभ धजेल? हवं तर एक ओळीचा मेल टाकून विचारा. फोनवर नको, मेलवरच.

आता कागदांकडे येऊ. इथे वेळ घालवा, पुढे वाचेल.

सॅममध्ये शिरल्यावर पहिल्यांदा 'एंटिटी व्हॅलिडेशन' होतं, म्हणजे या नावाची संस्था या पत्त्यावर खरोखर आहे का याची पडताळणी. ती झाली की 12 अक्षर-अंकांचा यूईआय, म्हणजे संस्थेचा 'युनिक एंटिटी आयडी', मिळतो. 4 एप्रिल 2022 पूर्वी याच्या जागी एका खासगी कंपनीचा नऊ आकडी डन्स नंबर चालायचा. जुन्या लोकांनी तुम्हाला 'आधी डन्स काढ' असं सांगितलं असेल तर ते विसरा.

पडताळणीला असा कागद लागतो ज्यावर कायदेशीर नाव आणि प्रत्यक्ष पत्ता दोन्ही आहेत. कागद इंग्रजीत हवा किंवा सोबत प्रमाणित भाषांतर हवं, आणि तो फार जुना चालत नाही. पाच वर्षांच्या आतला धरून चला. पोस्ट बॉक्सचा पत्ता चालत नाही. इथे आपल्याकडे पहिली माशी शिंकते. लोक सरळ लाइट बिल चढवतात. वागळे इस्टेटला वीज महावितरणची, बिल मराठीत, आणि नाव गाळ्याच्या मालकाचं. म्हणजे भाषा चुकली, नावही चुकलं. दुसरा हमखास कागद गुमास्ता, म्हणजे दुकाने-आस्थापना कायद्याखालचा परवाना. पण 2017 च्या कायद्यानंतर महाराष्ट्रात कामगार थोडे असतील तर परवाना मिळत नाही, नुसती सूचना दिल्याची पावती मिळते. ती तिकडच्या तपासनिसाला काय समजणार?

सगळ्यात चांगला कागद जीएसटीचं नोंदणी प्रमाणपत्र. इंग्रजीत असतं, सरकारी असतं, नाव-पत्ता एकाच पानावर असतो आणि पोर्टलवरून तुम्ही आत्ता उतरवून घेऊ शकता. उद्यमचं, म्हणजे लघुउद्योग नोंदणीचं, प्रमाणपत्र जोडीला ठेवा. प्रायव्हेट लिमिटेड असती तर इन्कॉर्पोरेशन सर्टिफिकेटही चाललं असतं, तुमची नाही.

पण प्रोप्रायटरी फर्मला जीएसटीच्या कागदात एक मेख आहे. पहिल्या ओळीत 'लीगल नेम' असतं, ते मालकाचं, पॅनवर आहे तसं. दुसऱ्या ओळीत 'ट्रेड नेम', ती तुमच्या पाटीवरची फर्म. सॅम विचारतं ते लीगल नेम. बहुतेक जण सवयीने पाटीवरचं नाव टाकतात आणि मग 'कागदावर कायदेशीर नाव वेगळं दिसतंय' असं उत्तर येतं. माझ्या अनुभवात सुरक्षित वाट ही: कायदेशीर नावाच्या रकान्यात जीएसटीतलं लीगल नेम जसंच्या तसं, मधल्या नावासकट, आणि फर्मचं नाव 'डुइंग बिझनेस ॲज' या रकान्यात. मग कोटेशनवर, बिलावर, बँक खात्याच्या पत्रावरही दोन्ही नावं याच रीतीने यायला हवीत. भागीदारी किंवा कंपनी असेल त्यांना हा त्रास नाही.

पत्त्याचं दुखणं सगळ्यांना सारखंच. माझीच गोष्ट सांगतो. 2022 मध्ये यूईआयचा बदल झाला तेव्हा आमची नोंदणी डन्सवर वर्षानुवर्षं सुरळीत चालू होती. नव्या पद्धतीत पत्ता पुन्हा पडताळायचा होता. आमच्या जीएसटीवर 'अंधेरी ईस्ट' पूर्ण लिहिलेलं, एनकेजमध्ये कधीकाळी मीच 'अंधेरी (ई)' टाकलेलं, आणि गाळ्याचा नंबर एकीकडे 'युनिट 14', दुसरीकडे 'गाला नं. 14'. चौथीतल्या पोरालाही कळेल की ही एकच जागा आहे. पण तपासणारा माणूस जागा बघत नसतो, तो दोन ओळी शेजारी ठेवून अक्षरं जुळवतो. तिकडे त्या महिन्यांत सगळ्या जगाची गर्दी होती. माझी दुरुस्ती पूर्ण झाली तेव्हा आमची ज्यावर नजर होती ते टेंडर उघडून नऊ दिवस झाले होते. चूक माझीच, कंस माझाच.

म्हणून काहीही भरण्याआधी एका कागदावर तुमचं नाव आणि पत्ता एकदाच लिहून काढा, जीएसटीच्या प्रमाणपत्रावरून बघून, कॉमा-टिंबासकट. 'आणि'चं चिन्ह आहे की शब्द, 'रोड' पूर्ण आहे की 'आरडी', पिन कोडमध्ये मोकळी जागा आहे की नाही, सगळं. मग सॅम असो, एनकेज असो, कोटेशन असो, तो कागद समोर ठेवूनच टाइप करायचं. मी तर कॉपी-पेस्टच करायला लावतो.

एक इशारा. जीएसटीवरचा पत्ताच जुना असेल, म्हणजे तुम्ही गाळा बदलला आणि दुरुस्ती केली नाही, तर आधी ती दुरुस्ती. मुख्य जागा बदलणं हा जीएसटीत गाभ्याचा बदल समजला जातो, अधिकाऱ्याची मंजुरी लागते आणि त्याला कामाचे 15 दिवस मिळतात. तसं असेल तर तुमचे 24 दिवस तिथेच संपल्यात जमा.

एनकेज म्हणजे काय, तर नाटोच्या संकेत पद्धतीतला पाच अक्षरांचा पुरवठादार कोड. नाटो ऐकून घाबरू नका. झाडू पुरवणाऱ्यालाही तो लागतो, अमेरिकेबाहेरच्या सगळ्यांनाच लागतो. अर्ज नाटोच्या खरेदी यंत्रणेच्या पोर्टलवर करायचा. भारतीय संस्थांच्या अर्जांची तपासणी आपल्या संरक्षण मंत्रालयाचं मानकीकरण संचालनालय करतं. कधी चार दिवसांत होतं, कधी तीन आठवडे जातात, कधी ते जादा कागद मागतात. म्हणून यूईआयची वाट बघत बसू नका, दोन्ही अर्ज एकाच दिवशी टाका. मेलबॉक्सचा स्पॅम फोल्डर रोज बघा, पडताळणीची लिंक हमखास तिथेच सापडते.

सॅममध्ये शिरायला लॉगिन डॉट जीओव्हीचं खातं लागतं, मोबाइलच्या दुहेरी खात्रीसह. ते खातं फर्मच्या ईमेलवर काढा. अकाउंटंटच्या खासगी मेलवर नको, भाच्याच्या मेलवर तर मुळीच नको. तो माणूस सोडून गेला की नवा प्रशासक नेमायला लेटरहेडवर नोटरी केलेलं पत्र द्यावं लागतं आणि त्यात पुन्हा दिवस जातात.

आत गेल्यावर दोन पर्याय दिसतील. एक 'फक्त युनिक एंटिटी आयडी', दुसरा 'पूर्ण नोंदणी'. पहिला पर्याय लवकर होतो आणि हाती नंबर येतो, म्हणून लोकांना वाटतं झालं काम. झालेलं नसतं. नुसता यूईआय म्हणजे नोंदणी नव्हे. कॉन्सुलेटवाले तुमचा नंबर टाकून बघतील तेव्हा तिथे 'ॲक्टिव्ह' हा शब्द दिसला पाहिजे. पुढे उद्देश विचारतात तिथे 'ऑल अवॉर्ड्स' निवडा. दुसरा जो अनुदानाचा पर्याय आहे तो संस्था-विद्यापीठांसाठी. तो निवडला तर प्रश्न कमी विचारतात खरे, पण कंत्राटाला ती नोंदणी चालत नाही.

टीआयएन म्हणजे तिकडचा करदाता क्रमांक. तुम्ही अमेरिकेत कर भरत नाही, पत्ता भारतातला आहे, तर तो रकाना रिकामा सोडा. पॅन टाकू नका. टाकलात की तो तिकडच्या कर खात्याकडे जुळवायला जातो, जुळत नाही आणि सगळं अडकतं. बँकेचे तपशीलही परदेशी संस्थेला सक्तीचे नाहीत. पैसे रुपयांत, इथल्या खात्यात येणार. ते तपशील कॉन्सुलेट वेगळे घेईल.

व्यवसायाचा प्रकार निवडताना हसू येईल अशी एक जागा आहे. मालकीच्या यादीत एक रकाना भारतीय उपखंडातल्या आशियाई वंशाच्या मालकांसाठी आहे. आपला माणूस तो बघून खूश होतो आणि टिक करतो, 'आपण इंडियनच की!' तो रकाना अमेरिकन नागरिक असलेल्या भारतीयांसाठी आहे. तसंच 'अल्पसंख्याक मालकी', 'महिला मालकीचा लघुउद्योग' वगैरे सगळं तिकडच्या लघुउद्योग धोरणाचं आहे. वहिनींच्या नावावर फर्म असली आणि उद्यममध्ये 'सूक्ष्म' लिहिलं असलं तरी ते इथे लागू होत नाही. तुमच्यासाठी 'फॉरेन ओन्ड'. चुकीची टिक म्हणजे खोटं प्रमाणपत्र, आणि ते तुमच्या सहीने जातं.

सहीवरून आठवलं. शेवटच्या भागात घोषणांची लांबलचक माळ येते. सगळे 'नेक्स्ट-नेक्स्ट' करत सुटतात. बाकीच्या सावकाश वाचा, पण एका ठिकाणी थांबाच. हुआवे, झेडटीई, हायटेरा, हिकव्हिजन आणि दाहुआ या पाच चिनी कंपन्यांच्या उपकरणांबद्दल दोन प्रश्न आहेत. पहिला, अशी उपकरणं तुम्ही सरकारला पुरवणार का. एसीवाल्याचं उत्तर सोपं आहे, नाही. दुसरा प्रश्न ऑगस्ट 2020 पासूनचा आणि जास्त टोचणारा: तुम्ही स्वतः ती वापरता का. इथे मान वर करून गाळ्याच्या दारावरचा कॅमेरा बघा. आपल्याकडे लॅमिंग्टन रोडवरून बसवून घेतलेल्या कॅमेऱ्यांत हिकव्हिजन किती निघतात ते तुम्हाला मी सांगायला नको. दर्शनी डब्यावर दुसरं नाव असलं तरी डीव्हीआर उलटा करून मागचं लेबल वाचा, ऑफिसचा राउटर उचलून खालचं वाचा. सापडलं तर एक तर बदला, नाहीतर 'वापरतो' असं खरं उत्तर द्या आणि कोटेशनसोबतच्या तक्त्यात तपशील द्या. आमच्याकडे दोन कॅमेरे आणि एक डीव्हीआर निघाला होता. मालक कुरकुरले, पण बदलला. खोटं उत्तर उघडकीला आलं तर करार जातोच, वर काळ्या यादीत नाव चढू शकतं. ती यादीही सॅमवरच असते, सगळ्यांना दिसेल अशी.

कामाच्या प्रकाराला सहा आकडी नेक्स कोड लागतो, म्हणजे तिकडच्या उद्योगांच्या वर्गवारीतला क्रमांक. तुमच्या मागणीपत्राच्या पहिल्या पानावर तो छापलेला असतो, तोच यादीत घाला आणि जोडीला तुम्ही करता त्या इतर कामांचे दोन-तीन. साफसफाईचा 561720, सुरक्षारक्षकांचा 561612, एसी-प्लंबिंगच्या कामाचा 238220.

अर्ज सादर केला की लगेच 'ॲक्टिव्ह' होत नाही. एनकेजची नोंद आणि सॅमची नोंद पुन्हा ताडून पाहिली जाते. या टप्प्यावर मेलवर शंका आली तर त्याच दिवशी उत्तर द्या, नाहीतर अर्ज परत फिरतो. अडलंच तर फेडरल सर्व्हिस डेस्क आहे. त्यांची वेळ तिकडच्या सकाळी आठपासून रात्री आठपर्यंत, सोमवार ते शुक्रवार. म्हणजे आपल्या संध्याकाळी साडेपाचला उघडतात, तिकडे हिवाळा असेल तर साडेसहाला. डबा खाऊन निवांत बसा आणि चॅट करा, तिकीट क्रमांक मागून घ्या.

नोंदणी झाल्याच्या आठवड्याभरात तुम्हाला मेल आणि फोन सुरू होतील: 'तुमची नोंदणी अपूर्ण आहे', 'आज पैसे भरा नाहीतर रद्द होईल'. अमेरिकन उच्चार, अमेरिकन झेंडा, सगळं साग्रसंगीत. पत्त्याचा शेवट डॉट जीओव्ही किंवा डॉट एमआयएल नसेल तर सरळ कचऱ्यात. मला वाटतं, तुमचा तो 55,000 वालाही याच जातकुळीतला, फक्त मराठी बोलणारा.

नोंदणी 365 दिवस टिकते. नूतनीकरण शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका, दोन महिने आधी मोबाइलवर आठवण लावा. जीएसटी, एनकेज आणि सॅम, तिन्हीकडे पत्ता बदलायचा असेल तर याच क्रमाने.

काम मिळालं तर बिलाबद्दल एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो, कारण पहिलं बिल हमखास परत येतं. वकिलातीला कर माफ असतो असं ऐकून लोक जीएसटी न लावता बिल करतात. तसं नाही. 18 टक्के जीएसटी लावायचा, भरायचा आणि बिलावर त्यांचा यूआयएन टाकायचा. हा 15 आकडी-अक्षरी क्रमांक दूतावास आणि कॉन्सुलेटना जीएसटी कायद्याखाली मिळालेला असतो, त्यावर ते नंतर परतावा मागतात. क्रमांक त्यांच्याकडून लेखी मागून घ्या, आणि तुमच्या सीएला सांगा की हे बिल रिटर्नमध्ये नोंदणीकृत ग्राहकाचं म्हणून दाखवायचं, किरकोळ विक्रीत नाही. यूआयएन नसेल तर त्यांचा परतावा अडकतो आणि तुमचं पेमेंट त्याच्या मागे रांगेत.

ब्रिटन, जर्मनी, जपान यांच्या मुंबईतल्या कार्यालयांना हे काही लागू नाही. प्रत्येकाची पद्धत वेगळी, कित्येकदा साधं कोटेशन आणि जीएसटीचा कागद पुरतो. सॅमचा नंबर तिथे मिरवू नका, कोणी विचारणार नाही.

आता तुमचे 24 दिवस. आज रात्री जीएसटीचं प्रमाणपत्र उतरवून पत्ता बघा. बरोबर असेल तर उद्या लॉगिन, यूईआय आणि एनकेज, तिन्ही. परवा गाळ्यातले कॅमेरे तपासा. मागणीपत्रात जागा बघायला येण्याची तारीख दिली असेल, ती नोंदणीच्या नादात चुकवू नका. बीकेसीतल्या कॉन्सुलेटमध्ये आत शिरायला ओळखपत्राचा तपशील आधी कळवावा लागतो, मोबाइल बाहेर ठेवावा लागतो आणि उशीर झाला तर गेट उघडत नाही. पंधराव्या दिवशीही एनकेज आला नसेल तर मागणीपत्रावर दिलेल्या पत्त्यावर मेल टाका: दोन्ही अर्ज कोणत्या तारखेला केले, तिकीट क्रमांक काय, स्क्रीनशॉट सोबत. मुदत वाढवून मिळेल असं नाही, पण मी दोनदा मिळालेली बघितली आहे. दोन्ही वेळा मेल मुदतीच्या आदल्या दिवशी नव्हे, आठवडाभर आधी गेला होता.